बाराव्या फेरीचे अठ्ठावन्न सेकंद

माझ्या नवऱ्यावर मोटारसायकल शर्यतींची दोन वर्षांची बंदी आली, ती माझ्या हातानं लिहिलेल्या कागदामुळं. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे. कुणी म्हणतं मी रागापोटी केलं, कुणी म्हणतं मला कोल्हापूरवाल्यांनी फितवलं. एकदोघी तर असंही सांगतात की मला शर्यतीतलं काही कळत नव्हतं आणि कागद चुकून गेला. चुकून काही गेलं नाही. म्हणून जसं झालं तसं एकदा लिहून ठेवते.

मी पिंपळीची. बारामतीच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड. आणि लग्न होऊन अंथुर्ण्याला आले. जवळच्याच एका हायस्कुलात गणित शिकवायला लागले. सासरची माणसं पूर्वी मेंढरं राखणारी. सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, तरुणपणी कळप घेऊन थेट कोकणापर्यंत पायी जाऊन आलेले. पुढं कालव्याचं पाणी रानात फिरलं, मेंढरं गेली आणि चार एकरांत ऊस आला. नवरा त्यांचा एकुलता मुलगा. त्याचं मन मेंढरांतही नव्हतं आणि उसातही नव्हतं. गावच्या फाट्यावर त्यानं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. समोर मी त्याला अहोच म्हणते, पण लिहिताना ‘तो’ म्हटलं की सरळ सांगता येतं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मातीवरच्या मोटारसायकल शर्यती पुण्या-कोल्हापूरकडं आधीपासून चालायच्या, आमच्या भागात त्या नवीन होत्या. एखादा माळ भाड्यानं घ्यायचा, जेसीबी लावून वळणं आणि उंचवटे करायचे, टँकरनं पाणी मारायचं, कडेला उसाच्या चिपाडाची पोती रचायची, झाला ट्रॅक. नवऱ्यानं पहिली शर्यत मित्राच्या गाडीवर मारली आणि पाहुण्या रायडरांमध्ये दुसरा आला. दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका टायरच्या व्यापाऱ्यानं त्याला आपल्या संघात घेतलं. गाडी त्यांची, बूट-जाकीट त्यांचं, फिरण्याचा खर्च त्यांचा आणि वर महिन्याचा पगार. अंथुर्ण्याच्या इतिहासात गाडी पळवण्याचा पगार घेणारा तो पहिलाच. आबांना हे बरेच दिवस पटलं नव्हतं. गाडी कुठं पोचवायची असते का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, जिथनं निघाली तिथंच परत आणायची असते. त्यावर ते बराच वेळ हसत होते.

तो चांगला रायडर होता, हे मी बायको म्हणून सांगत नाही. वळणावर इतरांची गाडी बाहेर फेकली जायची, याची आतल्या कडेला चिकटून असायची. डावा पाय मातीत घासत तो वळायचा आणि वळण संपायच्या आत गाडी सरळ झालेली असायची. त्याच्या फेऱ्या एकमेकींसारख्या असायच्या. पहिली अठ्ठावन्न सेकंदांची असली तर आठवीही अठ्ठावन्न-एकोणसाठचीच. हे मला माहीत होतं कारण त्या फेऱ्या मीच लिहायचे.

तेव्हा यंत्रं नव्हती. फेऱ्या मोजायला माणसं लागायची. एकेकाकडं एक स्टॉपवॉच आणि तीन रायडर. रायडर समोरच्या रेषेवरून गेला की घड्याळ बघायचं आणि त्याच्या रकान्यात आकडा लिहायचा. शर्यत संपली की वजाबाक्या करून प्रत्येक फेरीचा वेळ काढायचा. भरवणाऱ्या क्लबला नीट आकडे लिहिणारं माणूस मिळत नव्हतं, म्हणून नवऱ्यानं माझं नाव सुचवलं. पहिल्याच दिवशी मी अट घातली की मला याचा नंबर द्यायचा नाही. क्लबनं ती पाळली. पण त्या हंगामातल्या शेवटच्या शर्यतीला एक मोजणारा तापानं आला नाही आणि त्याचे रायडर आमच्यात वाटले गेले. माझ्या तक्त्यावर नवऱ्याचा नंबर आला. मी हरकत घेतली, पण झेंडा पडायला पाच मिनिटं होती.

ही शर्यत पिंपळीच्या पुढच्या माळावर होती, माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. जानेवारीतलं ऊन होतं. माझे दोघे भाऊ आणि चुलत्यांची सगळी पोरंसोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती. आबाही आले होते. वर्षभराच्या गुणांत कोल्हापूरचा एक रायडर आणि आमच्याच संघातला पुण्याचा थोरला रायडर अगदी बरोबरीत होते. त्या दोघांत जो पुढं राहील तो वर्षाचा विजेता. नवरा गुणांत मागं होता, पण ही एक शर्यत तो जिंकू शकत होता आणि माळावरचे हजारभर लोक त्यासाठीच उन्हात उभे होते.

बारा फेऱ्या होत्या. पहिल्या सात फेऱ्या नवरा एकटाच पुढं. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. मागं दहा सेकंदांवर कोल्हापूरचा, त्याच्या मागं पुण्याचा. मी मान वर न करता आकडे लिहीत होते, पण मनातून मी खूश होते, हे कबूल करायला हवं.

आठवी फेरी चौसष्ट सेकंदांची आली. मला वाटलं, घड्याळ वाचायला मीच चुकले. नववी सहासष्ट. कोल्हापूरचा त्याच्या पाठीला येऊन चिकटला. दहाव्या फेरीत सदुसष्ट आणि आता दिसत होतं की कोल्हापूरचा डावीकडून निघायला गेला की नवरा डावीकडं, उजवीकडून गेला की उजवीकडं. मागून पुण्याचाही आला. तिघं एका ओळीत. अकराव्या फेरीला लांबच्या वळणावर नवऱ्याची गाडी आडवी झाली, कोल्हापूरच्याची तिच्यावर आदळली आणि तो हवेत फेकला जाऊन हातावर पडला. पुण्याचा रायडर बाहेरच्या कडेनं गेला. तो आधीपासूनच बाहेरच्या कडेला होता.

लोक ओरडत तिकडं पळाले. मला जागा सोडता येत नव्हती. इथून एवढंच दिसलं की नवरा उठला, पडलेल्या माणसाकडं थोडा वेळ बघत उभा राहिला, मग गाडी उचलून किक मारून निघाला. ती फेरी दीड मिनिटाच्या वर गेली. बारावी फेरी त्यानं वाकलेल्या हँडलनं मारली आणि पाचवा आला. मी आकडा लिहिला, वजाबाकी केली, पुन्हा केली. अठ्ठावन्न सेकंद.

कोल्हापूरच्या रायडरला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. पुण्याच्या रायडरला खांद्यावर घेऊन मिरवलं. आमचे लोक नवऱ्याची समजूत घालत होते. त्यानं सगळ्यांना सांगितलं की प्लग जात होता, गाडी ओढत नव्हती. माझ्या भावांनी तेच पुढं सगळ्या पिंपळीला सांगितलं. मी माझ्या तक्त्याची वरची प्रत मुख्य वेळाधिकाऱ्याला दिली. खालची, कार्बनची, नेहमीसारखी माझ्या पर्समध्ये ठेवली. त्या संध्याकाळी त्या रायडरला बघायला मी दवाखान्यात जायला हवं होतं. गेले नाही. या सगळ्या प्रकरणात मला वाईट वाटतं ते एवढ्याच गोष्टीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेंपोतून गाडी दुकानात आली. मी शाळेतून येत होते. नवऱ्यानं ती खाली उतरवली, प्लगला हातही लावला नाही, किक मारली आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली. तो ती आत लावून आला आणि मला बघून रॉकेलनं हात धुवायला लागला.

मी बाकावर बसून कार्बनची प्रत उघडली.

“आठवी, नववी, दहावी. तीन फेऱ्या तुमी कुणाची वाट बघत होता?”

त्यानं प्लगचं सांगायला सुरुवात केली.

“प्लग गेलेली गाडी पडून बरी झाली व्हय? बारावी फेरी अठ्ठावन्नची हाय.”

तो हात धुवायचा थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं, फार आढेवेढे न घेता. मला वाटतं, त्यालाही कुणाला तरी सांगायचंच होतं. शर्यतीच्या सकाळी संघाच्या व्यवस्थापकानं त्याला बाजूला घेतलं होतं. कोल्हापूरवाला पुढं राहता कामा नये. अडवून धर, अडवता नाही आला तर लांबच्या वळणावर गाडी आडवी घाल. थोरल्याला मी सांगून ठेवतो, तो बाहेरून जाईल. पुढच्या वर्षी संघातला पहिला रायडर तू, परदेशी गाडी तुला, मद्रास-बंगळूरच्या शर्यती तुला. नवऱ्यानं हो म्हटलं. मातीवर पडणं रोजचंच असतं, दोघं घसरू आणि कपडे झटकून उठू, असं त्यानं गृहीत धरलं होतं. मनगट त्याच्या हिशेबात नव्हतं.

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. मला भयंकर लाज वाटत होती, त्याची नव्हे, आदल्या दिवशीच्या माझ्याच आनंदाची. सात फेऱ्या मी खूश होऊन लिहिल्या होत्या आणि त्याला पहिल्या फेरीपासून माहीत होतं की ही शर्यत आपण मुद्दाम हरणार आहोत.

महिनाभरात कोल्हापूरच्या संघानं तक्रार केली. राज्याच्या शर्यती ज्या संघटनेच्या नियमांनी चालायच्या तिनं चौकशी लावली आणि सगळ्या मोजणाऱ्यांना पुण्याला बोलावलं. पत्र आलं त्याच आठवड्यात एका रविवारी संघाचा व्यवस्थापक जीप घेऊन आमच्या घरी आला. गोड बोलणारा माणूस. माझ्या शिकवण्याची चौकशी केली, आबांच्या उसाची केली. मग म्हणाला, तक्त्याची वरची प्रत पाण्यानं भिजून खराब झालीय, तेव्हा मॅडमनी नवी लिहून सही करून द्यावी. त्यानं आकडेही लिहून आणले होते. आठवी फेरी अठ्ठावन्न, नववी आणि दहावी एकोणसाठ. म्हणजे गाडी हळू कधी झालीच नव्हती, नुसता अपघात झाला होता.

मी त्याला सांगितलं की माझ्याकडं कार्बनची प्रत आहे आणि ती कोरडी आहे.

तो नवऱ्याकडं बघायला लागला. नवरा जमिनीकडं बघत होता. मग तो आबांकडं वळला आणि म्हणाला, तुम्ही वडीलधारे आहात, सुनेला समजावून सांगा. आबा बाजेवर बसून सुंभ वळत होते. त्यांनी एकच विचारलं, त्या कोल्हापूरच्या पोराचा हात आता कसा आहे. व्यवस्थापकाला ते माहीत नव्हतं. चहा न घेताच तो गेला.

मी तेव्हाच नवऱ्याला सांगितलं. “मी कागद देणार हाय. पर त्याच्या आधी तुमी स्वतः जाऊन सांगा. आठ दिवस हायत. तुमी सांगितलं तर माझा कागद नुसता जोडीला लागंल.”

सहा दिवस तो घरात बोलला नाही. सातव्या दिवशी कपड्याची पिशवी भरून कऱ्हाटीला बहिणीकडं निघून गेला. मी आबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले, “मी पोराच्या बाजूनं हाय. पर कागद तुजा हाय.” आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पटका बांधून तेच माझ्याआधी एस.टी. स्टँडवर येऊन उभे. मोटारसायकलीतलं आपल्याला काही कळत नाही, पण बाहेर बसून राहीन, म्हणाले.

पुण्यातल्या एका कार्यालयात लांब टेबलामागं तिघं बसले होते. मधले लष्करातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. व्यवस्थापकही तिथं होता आणि त्याच्या हातात एक तक्ता होता. भिजली म्हणून सांगितलेली तीच वरची प्रत म्हणून त्यानं ती पुढं केली. अक्षर माझ्यासारखं काढलेलं, खाली माझी सहीसुद्धा. आणलेल्या आकड्यांवर मी सही केली नव्हती, तेव्हा ती त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतली होती. मी माझी कार्बनची प्रत शेजारी ठेवली.

मग व्यवस्थापकानं जे सांगितलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. तो म्हणाला, या बाईंचं नवऱ्याशी पटत नाही, नवरा घर सोडून गेलाय, त्याला अडकवायला बाईंनी मागाहून कार्बनखाली आकडे लिहिलेत.

मधल्या गृहस्थांनी मला विचारलं, हा रायडर तुमचा कोण. मी म्हटलं, नवरा. तो घर सोडून गेला हे खरं का? म्हटलं, खरं आहे, या कागदापायीच गेलाय. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी सरकवले. मला दिसलं की त्यांना ठरवता येत नाहीये. दोन कागद, दोन्हींवर माझीच सही.

मला वर्गात उभं राहायची सवय होती. मी उभी राहिले आणि विचारलं, मुख्य वेळाधिकाऱ्यांनी पाचव्या नंबरचा पूर्ण बारा फेऱ्यांचा वेळ स्वतःच्या घड्याळावर घेतला होता, तो तुमच्याकडं आहे ना. तो निकालपत्रात होता, त्याच दिवशी माइकवरून वाचलेला, शंभर माणसांनी ऐकलेला. मी म्हटलं, “दोन्ही तक्त्यांतल्या बारा फेऱ्यांची बेरीज करा. ज्याची बेरीज त्या वेळेला मिळंल तो तक्ता खरा.”

त्यांच्यातल्या एकानं कागदावर बेरीज मांडली. मी उभीच होते. मला उत्तर माहीत होतं. माझी बेरीज अर्ध्या सेकंदाच्या फरकानं जुळली. दुसरी एकवीस सेकंदांनी कमी पडली. तीन फेऱ्या जलद करताना त्या लिहिणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं की काढलेले सेकंद कुठंतरी परत घालावे लागतात. सहावीच्या पोरांनाही हे मी शिकवत होते.

व्यवस्थापक म्हणाला, असेल, गाडी हळू झाली असेल, प्लग जात असेल. मधल्या गृहस्थांनी माझ्या तक्त्यावर शेवटच्या रकान्यात बोट ठेवलं आणि त्याला बाराव्या फेरीचा आकडा मोठ्यानं वाचायला लावला.

निकाल पंधरा दिवसांनी आला. व्यवस्थापकाला कायमचं बाहेर काढलं. पुण्याच्या रायडरचं विजेतेपद काढून घेतलं, त्याच्यावर एक वर्षाची बंदी. नवऱ्यावर दोन वर्षांची. विजेता म्हणून कोल्हापूरच्याचं नाव लागलं. टायरच्या व्यापाऱ्यानं संघच मोडला, गाडी परत नेली. आमच्या माळावर पुन्हा शर्यत झाली नाही, जमीनमालकानं पुढच्या वर्षी तिथं डाळिंब लावलं.

गावात मला सोपं गेलं नाही. नवऱ्याला बुडवलं, हे मला तोंडावर बोलणाऱ्या बायका पिठाच्या गिरणीत भेटायच्या. माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं दिवाळीला बोलावलं नाही. त्यानं प्लगची गोष्ट इतक्या लोकांना सांगितली होती की त्याला तो स्वतःचा अपमान वाटत होता. शाळेत मी फळ्याकडं वळले की मागून कुणीतरी हळूच सेकंद मोजायचं. मी एकदा वळून म्हटलं, मोजायचं तर नीट मोजा, आणि त्यांच्याकडून मोजून घेतलं. पुन्हा कुणी मोजलं नाही. लोक काय म्हणतात ते मला ऐकू येत होतं, पण त्यामुळं मी रस्ता बदलून कधी गेले नाही. मी चुकले असं तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. घर मात्र रिकामं वाटायचं. आबा आणि मी दोघंच जेवायला बसायचो आणि आबा रोज तीन ताटं घ्यायचे, मग एक परत ठेवायचे.

नवरा कऱ्हाटीला चार महिने होता. तिथं पाण्याच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचा. पाचव्या महिन्यात एका दुपारी तो घरी आला. पिशवी खाली ठेवून आधी माठातलं पाणी प्यायला. मला म्हणाला, “कोल्हापूरला जाऊन आलो.”

कुणी पाठवलं नव्हतं. पत्ता विचारत विचारत तो त्या रायडरच्या घरी गेला होता. रायडरची आई होती, तिनं चहा केला. हा कोण हे तिला कळलं होतं, तरी केला. रायडरनं मनगट दाखवलं. ते वळत होतं, पण पूर्वीसारखं नाही, अ‍ॅक्सिलरेटरवर ताकद पुरत नव्हती. नवऱ्यानं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, व्यवस्थापक काय म्हणाला, आपण काय म्हणालो. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला एकच गोष्ट विचारली. सगळं ठरल्यासारखं झालं होतं, तर मग तू उठून शेवटची फेरी तेवढ्या जोरात का मारलीस? सावकाश आला असतास तर कुणाला कधी कळलं नसतं.

“मग तुमी काय सांगितलं?” मी विचारलं.

“म्हणलं, अकरा फेऱ्या त्यांच्यासाठी मारल्या व्हत्या. एक तरी माझी पायजे व्हती.”

ते ऐकून तो रायडर हसला होता, आणि त्याची आई चहाचे कप उचलता उचलता रडली होती. माफ केलं असं त्यानं काही म्हटलं नाही. निघताना एवढंच म्हणाला की वर्षाचा विजेता म्हणून त्याला मिळालेला करंडक त्यानं घरात ठेवलेला नाही, क्लबात ठेवलाय.

मग नवरा मला म्हणाला, “तू माझी वाट बघायला पायजे व्हती.”

“आठ दिवस बघितली,” मी म्हटलं.

मी त्याच्यासाठी भाकरी टाकायला उठले. आबा रानातून आले, त्यांनी पिशवी बघितली आणि काही न विचारता त्याला सांगितलं की उसाचं पाणी रात्रीच्या पाळीला आहे, आज तू बघ.

दोन वर्षं तो दुकान बघत होता. बंदीच्या काळात त्यानं शर्यतीचं नाव काढलं नाही, पण रोज सकाळी उसाच्या बांधावरून पळून यायचा. माझ्या भावाशी बोलणं सुरू झालं, ते आमच्या मुलीच्या बारशाला. बंदी संपल्यावर त्यानं स्वतःची जुनी गाडी तयार केली आणि नगरच्या एका शर्यतीला नाव दिलं. संघ नाही, पगार नाही. मी मुलीला घेऊन बरोबर गेले. माइकवरच्या माणसानं त्याचं नाव घेतलं तेव्हा गर्दीतून काही जणांनी हुर्यो केली. एकानं ओरडून विचारलं, आज कुठल्या वळणावर पडणार? नवऱ्यानं हेल्मेट घातलं आणि रेषेवर जाऊन उभा राहिला.

तो सहावा आला. एकोणतीस वर्षांचा झाला होता, पुढचे पाच जण विशी-बाविशीतले होते आणि त्यांच्या गाड्या दोन वर्षांनी नव्या होत्या. पहिल्यासारखा तो पुन्हा कधी झाला नाही. अजून एक हंगाम पळाला, एकदा तिसरा आला, मग आपणहून थांबला. इंदापुरात रस्त्याला मोठं दुकान घेतलं, आता तिथं ट्रॅक्टरही येतात.

पण नगरच्या त्या दिवशी सहावा आल्यावर तो फार खूश होता. इतका खूश मी त्याला जिंकल्यावरही पाहिला नव्हता. परतताना आम्ही भिगवणला थांबलो आणि एका खानावळीत धरणातले मासे घेतले. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या, काटे काढून काढून चांगले तुकडे माझ्या ताटात ठेवले, आणि खानावळवाल्याला आणखी रस्सा मागितला.